कॉकर स्पॅनियलचे कान: तेल नको, कुसळं बघा

लातूरच्या ताईंनी विचारलंय: कॉकर कुत्रा सतत मान झटकतो, कानाला वास येतो, घरचे खोबरेल घाला म्हणतात. ताई, तेल अजिबात नको. लोंबत्या कानात हवा खेळत नाही, त्यात तेलाचा ओलावा आणि मळ साचला की बुरशी आणखी वाढते.

ही जात इंग्लंडात झुडपांतले पक्षी उठवायला घडवलेली. नाक जमिनीला, कान गवतात. आपल्याकडे पावसाळा सरला की माळावर कुसळी गवत वाळतं. एक कुसळ कानात शिरलं की आतच सरकत जातं, मागे येत नाही. एकाच बाजूला मान कलती असेल तर आधी तोच संशय घ्या. पडदा शाबूत आहे हे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय कानात काहीही ओतू नका.

कान निरोगी असेल तर आठवड्यातून एकदा सफाई पुरे. कुत्र्यांसाठीचं इअर क्लीनर (कान धुवायचं औषध) कोमट करून कानाच्या नळीत भरा, कानाचं मूळ अर्धा मिनिट चोळा, त्याला झटकू द्या, वर आलेला मळ कापसानं टिपा. काडी नको, नळी आत वळते, मळ खोल ढकलला जातो. कानाच्या आतल्या बाजूचे, वरच्या एक-तृतीयांश भागातले केस बारीक ठेवा. पाण्याचं भांडं अरुंद तोंडाचं घ्या, म्हणजे कान पाण्यात भिजणार नाहीत.

उन्हाळ्यात सरसकट मुंडण मात्र करू नका. केस लोकरीसारखे येतात, कातडी उन्हात भाजते. पोटाचे, पंजांमधले कापा. तिथंच गोचीडही सापडतील. गोचिडांतून आजार होतो, म्हणून ताप आणि नाकातून रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या.