मदत हवी आहे: आप्पांची साखर रात्री उतरते, दोघेच वृद्ध घरात असताना काळजी कशी घ्यावी?

नमस्कार. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सारे आप्पा म्हणतो, तासगावला राहतात. त्यांचे वय ७८ असून मधुमेह वीस वर्षांहून जुना आहे. घरात ते आणि थोरल्या काकू असे दोघेच असतात. चुलतभाऊ नोकरीसाठी बंगळुरूत आहे आणि मी सांगलीत विश्रामबागेत राहते. अलीकडे आप्पांची साखर रात्री उतरू लागली आहे. दिवसा तसे झाले तर शेजारी किंवा बागेतले गडी, कोणीतरी ओळखते आणि खायला देते. रात्री मात्र जवळ एकट्या काकू असतात आणि त्यांना फार कमी ऐकू येते. त्यामुळे मला असे उपाय हवे आहेत, जे ही दोन माणसे कोणाच्या मदतीवाचून रोज पार पाडू शकतील.

पहिल्यांदा हे लक्षात आले ते पहाटे तीनच्या सुमारास. काकू पाणी प्यायला उठल्या, तेव्हा आप्पांचा बनियन आणि उशी घामाने भिजली होती, ते काहीतरी असंबद्ध पुटपुटत होते आणि हाक मारल्यावर नीट ओळखही देत नव्हते. घरातल्या मशीनवर साखर ४९ दिसली. काकूंनी त्यांना बसवून साखरेचे पाणी पाजले. पंधरा मिनिटांनी आकडा ५३ झाला, म्हणजे जवळजवळ हललाच नाही. पुन्हा साखरेचे पाणी आणि नंतर दूध दिल्यावर बऱ्याच वेळाने ते सावध झाले. सकाळी उपाशीपोटी साखर २१० आली. हा आकडा पाहून एका नातेवाइकांनी इन्सुलिन वाढवण्याचा सल्ला दिला. तो आम्ही ऐकला नाही, कारण त्याच रात्रीचा ४९ आम्ही पाहिला होता.

डॉक्टरांना त्याच दिवशी फोनवर सगळे सांगितले. त्यांनी संध्याकाळचे इन्सुलिन तात्पुरते कमी केले असून रक्ताचे अहवाल घेऊन भेटायला बोलावले आहे. त्या भेटीत नेमके काय विचारावे आणि तोवर घरात काय व्यवस्था करावी, यासाठी हा धागा काढत आहे. औषध बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचाच राहील, हे मी जाणते.

सध्याचे उपचार असे आहेत. सकाळी नाश्त्यापूर्वी आणि संध्याकाळी सातच्या सुमारास जेवणापूर्वी ३०/७० मिश्र इन्सुलिन (तीस टक्के लवकर आणि सत्तर टक्के सावकाश काम करणारे), बाटलीतून सिरिंजने, आप्पा स्वतः घेतात. सकाळी साखर कमी करणाऱ्या ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी, दोन्ही जेवणांबरोबर व्होग्लिबोज आणि रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू आहे. शेवटच्या तपासणीत मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.६ होते आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.४ होती. त्या ६.४ चे घरात सर्वांनी कौतुक केले होते.

जेवणाबाबत मला अधिक चिंता वाटते. पूर्वी दोन भाकरी, आमटी, भात असे जेवणारे आप्पा आता रात्री अर्धी भाकरी आणि थोडी भाजी घेऊन उठतात; दाताची कवळी त्रास देते, हे त्याचे एक कारण आहे. ते वारकरी आहेत आणि दर एकादशीला उपवास धरतात. त्या दिवशी संध्याकाळी वरईचा भात किंवा नुसते ताक घेतले तरी इन्सुलिन मात्र नेहमीइतकेच घेतात. शिवाय सध्या द्राक्षबागेत ऑक्टोबरची छाटणी चालू असल्यामुळे, काम करायचे नसले तरी, दिवसभर बांधावरून आणि ओळींमधून त्यांचे फिरणे होते. मला असे दिसते की बागेत जास्त चालणे झाले, की त्याच रात्री त्रास होतो. हे खरे असू शकते का?

उपवास सोडा असे आप्पांना सांगणे मला जमणार नाही आणि सांगितले तरी ते मानणार नाहीत. तेव्हा एकादशी धरूनही रात्र सुरक्षित जाईल, अशी काही वाट असेल तर कृपया सांगा. आणखी एक विचारायचे आहे. तासगावात घरोघरी असतात तसे आमच्याकडेही बेदाणे नेहमी असतात. उशाशी बेदाण्याची वाटी ठेवली तर चालेल का?

प्रतिसाद

मी मिरजेत परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहिते. आप्पांच्या डॉक्टरांचा शब्द अर्थातच अंतिम.

सर्वांत आधी साखरेच्या पाण्याविषयी, कारण पुढच्या वेळी इथेच वेळ वाया जाऊ शकतो. व्होग्लिबोज ही गोळी आतड्यात साखरेचे विघटन लांबवते. साधी साखर, गूळ, भाकरी यांचे आधी विघटन व्हावे लागते आणि मगच त्यांतले ग्लुकोज रक्तात उतरते. म्हणून ही गोळी घेणाऱ्यांची साखर उतरली तर साखर नव्हे, ग्लुकोज पावडर द्यावी. रात्री तीनपर्यंत गोळीचा परिणाम किती उरतो हे माणसागणिक वेगळे असेल, तरी साखरेच्या भरवशावर राहू नये. साधी ग्लुकोज पावडर, तीन चहाचे चमचे म्हणजे साधारण १५ ग्रॅम, अर्धा पेला पाण्यात द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि ७० च्या खाली असेल तर तेवढीच पुन्हा द्यावी. आकडा वर आल्यावर दूध आणि थोडी भाकरी किंवा पोळी द्यावी, म्हणजे तो टिकतो. बेदाण्यात ग्लुकोज असते, पण अर्धवट शुद्धीतल्या, कवळी काढून ठेवलेल्या माणसाला ते चावायला देणे धोक्याचे आहे. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. पावडरच उशाशी ठेवा. गिळता येत नसेल किंवा शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता त्यांना कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा.

तुम्ही दिलेल्या माहितीत रात्री साखर उतरण्याची कारणे एकावर एक साठलेली दिसतात. ३०/७० मधल्या सत्तर टक्के भागाचा जोर साधारण चार ते दहा तासांत असतो, म्हणजे सातला घेतलेले इन्सुलिन रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात सर्वाधिक काम करते आणि त्या वेळी पोटात अर्धीच भाकरी असते. त्यात ग्लिमेपिराइड आहे, जे शरीराला स्वतःचे इन्सुलिन अधिक सोडायला लावते. मूत्रपिंडाचे काम मंदावले की ही गोळी शरीरात अधिक काळ राहू शकते, म्हणून १.६ हा आकडा डॉक्टरांना आवर्जून दाखवा आणि इन्सुलिनबरोबर ती गोळी अजून हवी का, हे विचारा. अशा गोळीमुळे उतरलेली साखर एकदा वर येऊन काही तासांनी पुन्हा उतरू शकते, त्यामुळे तशा रात्रीनंतर दिवसभर अधूनमधून तपासत राहावे. बागेबद्दल तुमचे निरीक्षण बरोबर आहे. चालण्याने वापरली गेलेली साखर स्नायू नंतर कितीतरी तास रक्तातून भरून घेत राहतात.

६.४ चे कौतुक मी करणार नाही. या वयात, मूत्रपिंडाचा त्रास आणि इन्सुलिन दोन्ही असताना, ८ च्या खालची सरासरी पुरेशी मानली जाते; त्याहून फार खाली नेले की साखर उतरण्याचा धोका वाढतो. झोपतानाची साखर १०० ते १८० असावी. त्याहून कमी असेल तर काही खाऊनच झोपावे.

आता काकूंविषयी. मेटोप्रोलॉलमुळे थरथर आणि छातीतली धडधड झाकली जाते, पण घाम येतोच. तेव्हा ऐकू न येणाऱ्या काकूंनी हातावर विश्वास ठेवावा. रात्री जाग आली की आप्पांची मान आणि पाठ चाचपून पाहावी, आणि ओलसर लागली तर लगेच मशीन काढावे. डॉक्टरांची भेट होईपर्यंत रात्री तीनला एकदा साखर तपासणे फार उपयोगी पडेल. त्यासाठी मोबाइलचा गजर कंपनावर लावून तो काकूंच्या उशीखाली ठेवावा. बोट तपासण्याआधी हात धुवायला विसरू नये, बोटाला गोड काही लागलेले असेल तर आकडा खोटा वाढून दिसतो.

सिरिंज मात्र आजच पाहा. बाटलीवर ४० (म्हणजे एक मिलीलिटरमध्ये ४० युनिट) लिहिले असेल तर सिरिंजवरही ४० हवे. शंभरच्या बाटलीतले इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजने घेतले तर अडीच पट जाते. बाटली तळहातांमध्ये फिरवून इन्सुलिन एकसारखे पांढरे झाल्याशिवाय ओढू नये. टोचण्याच्या जागी गाठी झाल्या आहेत का तेही चाचपा. गाठीतून इन्सुलिन कधी कमी शोषले जाते, कधी अचानक जास्त. दृष्टी मंद असेल तर सिरिंजऐवजी इन्सुलिनचे पेन चालेल का ते विचारा, त्याच्या प्रत्येक युनिटला हाताला खटका जाणवतो.

एकादशीचे इन्सुलिन किती, हे डॉक्टरांकडून वेगळ्या कागदावर लिहून घ्या. आहार निम्मा आणि इन्सुलिन पूर्ण, हे कोणत्याही दिवशी चालणार नाही.

धागाकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. आज तासगावला जाऊन पाहिले. बाटली आणि सिरिंज दोन्हींवर ४० आहे. पोटावर उजव्या बाजूला मात्र दोन गाठी लागल्या आणि आप्पा सवयीने तिथेच टोचत होते. हे डॉक्टरांना कळवले. त्या जागी आता टोचायचे नाही आणि नव्या जागी इन्सुलिन जास्त शोषले जाऊ शकते म्हणून पहिल्या काही रात्री तपासणी वाढवायची, असे त्यांनी सांगितले आहे. ग्लुकोजचा डबा, चमचा, पेला आणि मशीन काकूंच्या बाजूच्या स्टुलावर ठेवले आहे. दंडावर लावायच्या, साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरविषयीही विचारणार आहे. साखर उतरताच घरातला मोबाइल कंपन पावेल आणि त्याच वेळी सांगलीत माझ्या मोबाइलवर इशारा येईल, असा सेन्सर घरच्या वृद्धांसाठी कोणी वापरला असेल, तर तो गावाकडच्या नेटवर्कवर नीट चालतो का आणि महिन्याचा खर्च किती येतो, हे कृपया लिहावे.