पार्किंग, पेठ आणि फुटलेला आरसा

सेक्रेटरी (ए-२०२): सर्व सभासदांना कळविण्यात येते की, काल सायंकाळी साडेसहाच्या सुमारास मुलांनी मारलेल्या फुटबॉलमुळे सी-१०१ यांच्या गाडीचा डावा आरसा फुटला आहे. आजपासून सोसायटीच्या आवारात फुटबॉल खेळण्यास सक्त मनाई करण्यात येत आहे. पालकांनी नोंद घ्यावी.

निखिल (सी-१०१): आरशाचे साडेतीन हजार सांगितलेत. पैशांचा प्रश्न नाही. पण आज आरसा आहे, उद्या कुणाचं तरी डोकं असेल.

काकी (ए-१०४): कुणाच्या पोरानं मारला? आणि मारला तर मारला, पळून कशाला गेला?

ओंकार (बी-१०३): काकी मी मारला. पळालो न्हाई. बॉल गटारीत गेला व्हता, काढायला गेलो.

काकी (ए-१०४): आरशाला लागून गटारीपर्यंत? जोर हाय की पायात.

सेक्रेटरी (ए-२०२): काकी, कृपया विषयाचे गांभीर्य राखावे.

काकी (ए-१०४): राखतो की. मी काय म्हणतो, पोरानं कबूल केलंय, आता मनाई कशाला?

निखिल (सी-१०१): एक विचारू? काकींच्या फोनवरून काका मेसेज करतायत का?

ओंकार (बी-१०३): 😂 न्हाई दादा. कोल्हापुरात बायका असंच बोलत्यात. मी येतो, मी जातो.

निखिल (सी-१०१): ओके. पुण्याहून येऊन आठ महिने झाले, अजून एकेक कळतंय.

आबा (बी-३०१): सेक्रेटरीसाहेब, नोटीस वाचली. आरशाचे निम्मे पैसे मी देतो, निम्मे ओंकारनं सुट्टीत कुठंतरी काम करून द्यावेत. तो विषय संपला. आता मनाईचं बोलू. जरा लांबलचक लिहिणार आहे, ज्याला वेळ नाही त्यानं पुढं सरकावं.

मी शिवाजी पेठेतला. गांधी मैदानावर वाढलो. त्या जागी आधी वरुणतीर्थ तळं होतं, ते बुजवून मैदान केलं. तळ्याला ते अजून पटलेलं नाही, दर पावसाळ्यात परत येतं. आम्ही त्या चिखलातच खेळायचो. बूट नव्हते. उन्हाळ्यात त्याच मैदानावर पुढाऱ्यांच्या सभा व्हायच्या, सभा संपली की स्टेजचे बांबू निघायच्या आत आमची मॅच सुरू. एका बाजूला बांबू, दुसऱ्या बाजूला चपला, झाला गोल.

निखिलराव, तुम्हाला नवल वाटेल, आमच्याकडच्या टीमची नावं बघा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. नावात तालीम आणि खेळतात फुटबॉल. कारण आधी तिथं हौद होता, लाल माती होती, शाहू महाराजांच्या काळापासून कुस्ती होती. महाराजांनी खासबाग हे कुस्तीचं मैदान बांधलं १९१२ ला. त्या तालमीतल्या पोरांच्या पायात पुढं बॉल आला, पाटी तीच राहिली. त्यामुळं आमच्याकडं टीम म्हणजे पत्ता. "कुठला तू?" विचारलं की पोरगं गल्ली सांगत नाही, तालीम सांगतं.

आता इथं आलो. चौदा वर्षं झाली. मुलानं फ्लॅट घेतला, पेठेतलं घर दोन खोल्यांचं, भावात वाटणी, म्हणून आलो. हवा चांगली आहे, लिफ्ट आहे, माझ्या गुडघ्याला बरं. पण इथल्या पोराला कुणी विचारलं "कुठला तू", तर ते काय सांगणार? बी-विंग?

वकीलसाहेब (बी-४०२): आबा, वाचलं. पण पार्किंगमध्ये खेळायचा हक्क यातून कसा सिद्ध होतो?

आबा (बी-३०१): ते पार्किंग नाहीच, वकीलसाहेब. मंजूर नकाशा काढा. तिथं "खुली जागा" लिहिलंय. बुकिंगच्या वेळच्या रंगीत कागदावर तिथं घसरगुंडी होती आणि एक गोरं पोरगं बॉल घेऊन पळत होतं. पोरगं आलं नाही, घसरगुंडी आली नाही, गाड्या आल्या.

खजिनदार (सी-३०२): सोसायटीत चारचाकी ४१, अधिकृत जागा २६. उरलेल्या १५ कुठं लावायच्या ते आबांनीच सांगावं.

सेक्रेटरी (ए-२०२): बाहेर रस्त्यावर लावता येत नाहीत. रस्ता अरुंद आहे, दिवे नाहीत.

वकीलसाहेब (बी-४०२): दिवे ग्रामपंचायतीचे. आपण पाचगाव हद्दीत. महापालिका झाली १९७२ ला, तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही. समोरच्या चौकापलीकडं महापालिका, अलीकडं आपण.

निखिल (सी-१०१): म्हणजे मी कोल्हापुरात राहत नाही?

वकीलसाहेब (बी-४०२): पत्त्यावर राहता. मतदार यादीत नाही. जानेवारीत महापालिकेचं मतदान झालं, तेव्हा तुम्ही केंद्र शोधत होतात, आठवतंय?

निखिल (सी-१०१): हो. दोन शाळा फिरलो.

आबा (बी-३०१): मी तर गुपचूप पेठेत जाऊन रांगेजवळ उभा राहून आलो. मत नाही, पण सवय. २०१५ नंतर थेट २०२६ ला निवडणूक, मधे पाच वर्षं प्रशासक. नळाची तक्रार घेऊन दार वाजवायला नगरसेवक नव्हता, आणि लोकांनी ते सहन केलं याचंच मला आश्चर्य. ज्या गावानं टोल घालवला त्या गावानं! एन. डी. पाटील सरांच्या मागं तेव्हा सगळ्या पेठा एकत्र चालल्या होत्या, मॅचला एकमेकांवर धावून जाणारी पोरं खांद्याला खांदा लावून.

पेठेत होतो तेव्हा विधानसभेला कोल्हापूर उत्तरचा मतदार, इथं कोल्हापूर दक्षिणचा. चार किलोमीटरवर आलो आणि आमदार बदलला.

खजिनदार (सी-३०२): आमदाराचं बोलायचं तर २०२४ ला दक्षिणनं बरोबर निर्णय घेतला. रस्ते बघा.

वकीलसाहेब (बी-४०२): कुठले रस्ते? सेक्रेटरी आत्ताच म्हणाले अरुंद आहे.

खजिनदार (सी-३०२): आधीच्या पाच वर्षांत काय रुंद होता? आणि तुम्हा वकिलांना हायकोर्टाचं सर्किट बेंच मिळालं की. १८ ऑगस्ट २०२५ ला काम सुरू झालं, ते कुणाच्या काळात?

वकीलसाहेब (बी-४०२): मिळालं? अहो कित्येक वर्षं आम्ही काळे कोट घालून उन्हात बसलोय, मिळालं म्हणे. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी घेतलंय ते.

सेक्रेटरी (ए-२०२): ग्रुपचा नियम क्र. ३ : राजकीय चर्चा नको.

काकी (ए-१०४): मग कोल्हापुरात बोलायचं तरी काय? हवामान?

आबा (बी-३०१): सेक्रेटरीसाहेब, एकच सांगतो आणि थांबतो. २०२४ च्या लोकसभेला याच जिल्ह्यानं शाहू छत्रपतींना काँग्रेसकडून दिल्लीला पाठवलं. सहा महिन्यांत विधानसभेला महाविकास आघाडीला दहापैकी एकही जागा नाही. उत्तरमध्ये तर मशीनवर पंजाच नव्हता. २०१९ ला याच दहात काँग्रेसच्या चार होत्या आणि भाजपची एकही नाही. बाहेरचे म्हणतात कोल्हापूरकर लहरी. मी म्हणतो लहरी नाही, आम्ही चिन्ह बघत नाही, माणूस बघतो. आणि माणसंच इकडून तिकडं गेली तर आम्ही काय करणार?

मला खुपतं ते वेगळंच. आमच्यात एखादा खेळाडू पेठ सोडून दुसऱ्या टीमकडून उतरला की वर्षभर त्याला चहाच्या गाडीवर टोमणे. त्याची आईसुद्धा ऐकते. पुढारी पक्ष सोडतो तेव्हा मात्र तीच पोरं क्रेननं हार घालतात. पोरग्यानं चार हजारासाठी टीम बदलली तर गद्दार, आणि हे?

ओंकार (बी-१०३): आबा 🔥🔥

खजिनदार (सी-३०२): हे सगळ्याच पक्षांना लागू आहे हे लिहा म्हणजे झालं.

आबा (बी-३०१): लिहिलं. सगळ्याच.

आणि चषक! नेत्यांच्या नावानं चषक होतात, फ्लेक्स लागतात, बक्षिसं मोठी. मी त्याला नावं ठेवत नाही, त्यामुळं पोरांना बूट मिळाले, बाहेरचे खेळाडू आले, गर्दी झाली. पण के.एस.ए.च्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये वरिष्ठ गटाचे सोळा संघ. सगळ्यांच्या मॅच एका शाहू स्टेडियमवर. त्याच मैदानावर लीग, त्याच मैदानावर चषक. गवत बिचारं उगवायला बघतं तोवर फायनल येते. चषक देणारे इतके, मैदान देणारा एक तरी दाखवा. मैदानावर नाव घालायला फार जागा नसते, म्हणून असेल.

निखिल (सी-१०१): हे पटलं. पुण्यात टर्फ आहेत, पण तासाला हजार-बाराशे.

काकी (ए-१०४): आबांचं झालं असंल तर मी बोलतो.

माझं माहेर मंगळवार पेठ. पाटाकडीलवाले आम्ही. त्यामुळं आबांच्या टीमबद्दल मी काय बोलत नाही, आज त्यांना शुगरचा त्रास हाय. पण आबा, पेठेचं सगळं गोड गोड सांगू नका. मॅच हरली की दगडं येत्यात ते सांगितलं न्हाई तुम्ही. माझ्या भाच्याच्या डोक्याला सात टाके पडल्यात, खेळत नव्हता, नुसता बघायला गेला व्हता. पोरांवर केशी झाल्या. नोकरीच्या वेळेला पोलिसांचा दाखला मागत्यात, तेव्हा तालीम येत न्हाई. आई जात्या पोलीस स्टेशनला, तास तास बाकड्यावर बसत्या.

आणि आम्ही बायका? इतकी वर्षं गच्चीवरनं आरडाओरडा ऐकून स्कोअर ओळखायचो. कुठल्या गल्लीत फटाका वाजला त्यावरनं. स्टेडियमात एकदा गेलो, लग्नानंतर, ह्यांच्याबरोबर. पुन्हा न्हाई गेलो. भाषा ऐकवंना.

नेमबाजीत बघा, तेजस्विनी सावंत २०१० ला वर्ल्ड चॅम्पियन झाली, राही सरनोबतनं २०१८ ला एशियाडचं गोल्ड आणलं, स्वप्नील कुसाळे राधानगरीतल्या कांबळवाडीचा, पॅरिसचं ब्राँझ. त्यांच्यासाठी कुठल्या पेठेनं दगडं मारली? वीरधवल खाडे पोहत ऑलिंपिकला गेला.

ओंकार (बी-१०३): काकी, पण अनिकेत जाधव पण हाय की. २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप. फुटबॉलवालाच.

काकी (ए-१०४): हाय की. मी फुटबॉल बंद करा म्हणालोच न्हाई. दगडं बंद करा म्हणालो.

आबा (बी-३०१): काकी, मान्य. शुगरचं सोडून सगळं मान्य.

दगडाचं खरं आहे. १९८५ च्या आसपास मी स्वतः एक मारलाय. लागला नाही कुणाला. आजवर घरात बोललो नव्हतो, आता सून वाचेल.

बी-३०१ (सूनबाई): वाचलं बाबा. गोळी घेतली का?

आबा (बी-३०१): घेतली.

म्हणूनच म्हणतो पोरांना इथं खेळू द्या. इथं पेठ नाही, तालीम नाही, समोरच्याच्या आजोबांचं आपल्या आजोबांशी वाकडं नाही. सी-विंगला सांगलीचे, ए-विंगला गडहिंग्लजचे, तुम्ही पुण्याचे. इथं पोरगं हरलं तर वर जाऊन जेवेल. मला पेठेची आठवण येते ती माझी अडचण. नातवाला ती नकोच आहे, त्याला बॉल पाहिजे. आणि त्याला बॉल मिळाला नाही तर तो मोबाईलवर अर्जेंटिना-ब्राझील करत बसणार. जूनमध्ये वर्ल्ड कप आहे, गावभर मेस्सीचे कटआऊट लागणार, आणि आपल्या पोरांना लाथ मारायला जागा नाही.

सेक्रेटरी (ए-२०२): भावना समजल्या. परंतु १५ गाड्यांचे काय?

निखिल (सी-१०१): रविवारी सकाळी सात ते नऊ? तेवढा वेळ गाड्या गेटबाहेर लावू. उजेड असतो, दिव्यांचा प्रश्न नाही. माझी मी आधी काढतो, आरसा तर गेलाच आहे.

खजिनदार (सी-३०२): दोन तासच. आणि बॉल हलका.

ओंकार (बी-१०३): हलका बॉल वाऱ्यानं जातोय खजिनदार काका, तो नेमका काचेला लागतोय.

वकीलसाहेब (बी-४०२): सर्वसाधारण सभेत ठराव घ्यावा लागेल. सूचक आबा. अनुमोदन मी देतो.

खजिनदार (सी-३०२): अनुमोदन मी देणार होतो.

वकीलसाहेब (बी-४०२): बरं, द्या.

सेक्रेटरी (ए-२०२): ठराव होईपर्यंत प्रायोगिक तत्त्वावर चार रविवार. मनाईची नोटीस तात्पुरती मागे.

आबा (बी-३०१): गोलचं मी बघतो. उद्यमनगरात अठ्ठावीस वर्षं लेथवर काढलीत, अजून दोन शेड ओळखीच्या आहेत. दीड इंची पाइप, खाली पाय जोडून घेतो, नऊ वाजता उचलून जिन्याखाली ठेवता येईल. मजुरी नको, वेल्डर खंडोबावाला आहे, माझ्याकडून घेणार नाही. रुंदी तेवढी सांगा. मोठ्यांचा गोल चोवीस फूट असतो.

खजिनदार (सी-३०२): चोवीस फुटात तीन गाड्या बसतात. सहा करा.

ओंकार (बी-१०३): सहा?? सहा फुटात बॉल शिरला तर मीच शिट्टी मारतो.

निखिल (सी-१०१): दहा करा. कॉलेजला कीपर होतो मी, दहा फूट झेपेल.

काकी (ए-१०४): निखिल, कुठल्या विंगकडनं उभा राहणार ते आधी सांग.

निखिल (सी-१०१): सी.

काकी (ए-१०४): मग आबा, बारा करा.