कामाने लागलेली नजर, कान आणि हात: तुमचे अनुभव सांगा

माझं काम हिशेब तपासण्याचं. तेरीज (नावे आणि जमा या दोन बाजूंच्या बेरजांचा ताळा) जुळली नाही की मी आधी आकडे बघत नाही, फरक बघते. फरकाला ९ ने भाग गेला तर पहिला संशय अंकांच्या अदलाबदलीवर: ५४ च्या जागी ४५, नाहीतर ७२० च्या जागी २७०. अंक उलटसुलट पडले की फरक ९ च्या पटीतच येतो. एखादं शून्य जास्त पडलं किंवा गळलं तरी तसंच होतं, त्यामुळे ५०० चे ५० झालेत का तेही बघायचं. फरक सम असेल तर त्याच्या निम्मी रक्कम शोधायची, नावेऐवजी जमेला जाऊन बसलेली नोंद कित्येकदा तिथेच सापडते. हे सगळं पुस्तकात आहे, त्यात माझं काही नाही. माझं एवढंच की आता रस्त्यावर दोन नंबरप्लेटा एकामागोमाग दिसल्या तरी मी मनात वजाबाकी करते आणि तिला ९ ने भाग जातोय का ते बघते. कशासाठी? कशासाठीही नाही.

तुमच्या कामाने तुमच्या डोळ्यांना, कानांना, हातांना असं कुठलं वळण लावलंय? पगार मिळतो तेच काम असं नाही, घरात कुणाची शुश्रूषा करत असाल तर तेही सांगा. अट एकच, उपदेश नको. नेमकं काय दिसतं, काय ऐकू येतं, हाताला काय लागतं ते लिहा.

* * *

छान विषय. मी वाचनालयात आहे. पुस्तक परत आलं की आम्ही फक्त तारीख बघतो अशी लोकांची समजूत असते. मी पुस्तक मिटून पानांची बाहेरची कड बघतो. जिथे बोटं लागतात तिथे कड मळते, त्यामुळे पुस्तक कुठपर्यंत वाचलं गेलं ते न उघडताच कळतं. मोठमोठ्या गाजलेल्या ग्रंथांत तर हा मळ सुरुवातीच्या पाव भागात दाट असतो, मग फिका होत जातो आणि पुढे कड कोरी करकरीत. म्हणजे इतक्या जणांनी नेलं आणि बहुतेकांनी साधारण एकाच ठिकाणी सोडलं! रहस्यकथांची कड शेवटपर्यंत सारखी मळलेली, शेवटची काही पानं जरा जास्तच. आधी शेवट वाचणारी मंडळी आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ आहेत. अभ्यासाच्या पुस्तकांवर पट्टे असतात, दोन-तीन प्रकरणं काळपट आणि मधली पांढरी. परीक्षेला काय येतं हे सांगायला वेगळ्या गाईडची गरज नाही.

कोणत्या पानावर सोडलं यावरून माणसाबद्दल काही मत बनवायचं नाही, असं मी ठरवलेलं आहे. ते पाळणं अवघड जातं.

* * *

वरच्या दोन्ही प्रतिसादांना जोडणारी एक गोष्ट आहे, राहवत नाही म्हणून लिहितो. मी संख्याशास्त्र शिकवतो. १८८१ साली सायमन न्यूकम या खगोलशास्त्रज्ञाने नेमकं हेच टिपलं होतं: लॉगॅरिदमच्या कोष्टकांच्या पुस्तकात पहिली पानं शेवटच्या पानांपेक्षा फार लवकर झिजतात. त्या पहिल्या पानांवर १ ने सुरू होणाऱ्या संख्या असतात, म्हणजे त्याच लोकांना जास्त वेळा लागतात. १९३८ मध्ये फ्रँक बेनफर्ड या भौतिकशास्त्रज्ञाने नद्यांच्या खोऱ्यांची क्षेत्रफळं, गावांची लोकसंख्या असे नाना प्रकारचे आकडे जमवून तेच दाखवलं, आणि नियमाला नाव बेनफर्डचं पडलं. न्यूकमचं नशीब. अशा आकड्यांत १ ने सुरू होणारे सुमारे ३० टक्के असतात आणि ९ ने सुरू होणारे ५ टक्क्यांहूनही कमी. माणूस मनाने आकडे रचायला बसला की सगळ्या अंकांना सारखा वाटा देतो, म्हणून लेखापरीक्षक संशयित नोंदी वेगळ्या काढायला हा नियम वापरतात. सगळीकडे मात्र तो लावू नये. माणसांच्या उंचीसारखे ठरावीक पट्ट्यातले आकडे असले की लागू पडत नाही.

ग्रंथपालांनो, मळकी कड बघून तुम्ही थांबलात. न्यूकम थांबला नाही, एवढाच फरक!

* * *

थांबलो नाही हो, पुढचं पुस्तक परत आलं. (वाचनालयवाला)

* * *

मी नर्स आहे. पेशंटचं मनगट धरून आम्ही उभ्या असतो ना, तेव्हा नाडीचे ठोके मोजून झालेले असतात. तरी हात सोडत नाही. त्यानंतर श्वास मोजायचे असतात, आणि ते सांगून मोजता येत नाहीत. "तुमचा श्वास मोजते" म्हटलं की माणूस लगेच नीट श्वास घ्यायला लागतो, लांब, शहाण्यासारखा. मग आकड्याला अर्थ राहत नाही. म्हणून मनगट धरून घड्याळाकडे बघत उभं राहायचं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पांघरुणाची एक घडी पकडायची, छातीवरची. ती वर जाते, खाली येते. पूर्ण मिनिटभर. शांत पडलेल्या प्रौढ माणसाचे १२ ते २० असतात. वाढू लागले तर कधी कधी बाकी काही बिघडायच्या आधी तेच सांगतात.

आता प्रवासात समोर कुणी डुलकी काढत असेल तर माझी मोजणी सुरू होते. शर्टाचं दुसरं बटण वरखाली होताना बघायचं. नवरा कोपर मारतो, "अगं, बघू नकोस असं लोकांकडे." त्याला काय सांगणार! रात्री त्याचेही मोजते.

* * *

सिस्टर, आमच्या धंद्यातही अगदी हेच. ओळखपत्राचे फोटो काढतो. "रेडी?" म्हटलं की गिऱ्हाईक श्वास रोखतं, हनुवटी वर करतं आणि स्वतःचा चेहरा सोडून भलताच चेहरा लावतं. तो फोटो मी काढतो, आवाज येईल असा. मग म्हणतो, "झालं." खांदे खाली येतात, श्वास सुटतो, नजर निवळते. आणि त्या क्षणी दुसरा काढतो. द्यायचा तो हाच.

तरीही दहातले आठ जण म्हणतातच, "मी असा दिसत नाही." सोबत आलेला माणूस म्हणतो, "अरे, असाच दिसतोस!" दोघंही खरं बोलत असतात. माणसाला स्वतःचा चेहरा आरशातला ठाऊक असतो, भांग उजवीकडचा डावीकडे. १९७७ साली एक प्रयोग झाला होता, लोकांना स्वतःचे सरळ आणि उलटे छापलेले फोटो दाखवायचे. बऱ्याच जणांना स्वतःचा उलटा आवडला, त्यांच्या मित्रांना सरळ. मी अडून बसलेल्या गिऱ्हाइकाला स्क्रीनवर फोटो उलटा करून दाखवतो. "हां, हा बरा आहे!" मग सांगावं लागतं की ओळखपत्रावर हा चालत नाही.

* * *

शिवणकाम करते. टेप कमरेभोवती गेला की पोट आत. वय, शिक्षण, हुद्दा काही असो. म्हणून माप घेताना मी असा प्रश्न विचारते ज्याचं उत्तर लांबलचक असेल. बोलता बोलता पोट जागेवर येतं. 'हो-नाही'चे प्रश्न निरुपयोगी.

आणखी एक. दोन्ही खांदे अगदी सारखे असलेलं माणूस क्वचितच भेटतं. चालणारी माणसं मागून बघितली की मला फक्त कुठला खांदा उतरलाय ते दिसतं, आणि धुतल्यावर कुणाच्या शर्टाची बाजूची शिवण पोटावर फिरून आलीय ते. कापड वाचवायच्या नादात उभा धागा न सांभाळता बेतलं की अनेकदा असंच होतं. इस्त्रीने ते जात नाही, उगाच तापवत बसू नका.

* * *

वाचतेय. लिहिण्यासारखं काही नाही, फक्त बाळ झोपलंय की झोपेचं सोंग आहे ते पापण्यांवरून कळतं. सोंगात पापण्या घट्ट असतात.

* * *

लिफ्टची देखभाल. लोक आत शिरल्यावर वरच्या आकड्यांकडे बघतात, मी दार उघडताना खाली बघतो. लिफ्टची जमीन आणि मजल्याची जमीन एका पातळीत आली का, हे बोटभर फटीपाशी दिसतं. पायाला त्याआधीच कळतं.

रिकामी लिफ्ट वर न्यायला मोटरला जोर लागत असेल असं सगळ्यांना वाटतं. उलट आहे. दोरांच्या दुसऱ्या टोकाला काउंटरवेट असतं, रिकाम्या केबिनचं वजन अधिक लिफ्टच्या क्षमतेच्या साधारण ४० ते ५० टक्के. म्हणजे रिकामी केबिन हलकी पडते, तिचा ओढा वरच असतो. जोर लागतो तो तिला खाली आणताना. मोटरच्या खोलीत उभं राहिलं की आवाजावरून सांगता येतं, लिफ्ट भरलेली आहे की एखाददुसराच माणूस आहे. आणि हो, बटण पुन्हा पुन्हा दाबून ती लवकर येत नाही. हा उपदेश नाही, माहिती आहे.

* * *

मला दिसत नाही, त्यामुळे माझा अनुभव नजरेचा नाही. फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेणं ही नोकरी. पण आधी पाणी.

भांड्यात पाणी ओतताना आवाज चढत जातो. आतली हवेची जागा कमी कमी होत जाते तसा सूर वर जातो, आणि काठाशी आला की थांबायचं. ओळखीच्या पेल्यात बोट बुडवायची वेळ येत नाही, नव्या पेल्याला एकदा अंदाज घ्यावा लागतो. गरम पाणी पडतानाचा आवाज गारपेक्षा जरा बोदा असतो. माझ्या डोळस मित्रांना हे खोटं वाटलं. मी पाठ करून उभं राहायला लावून त्यांच्याकडूनच ओळखून घेतलं. बहुतेकांना बरोबर आलं, आणि आपल्याला हे येतं याचंच त्यांना नवल वाटलं.

घरात सर्वात वाईट गोष्ट म्हणजे अर्धवट उघडं दार. बंद दार ऐकू येतं, पूर्ण उघडं दारही ऐकू येतं, जागा मोकळी वाटते. अर्धवट दाराची कड मात्र काहीच सांगत नाही, थेट कपाळावर येते.

नोकरीचं म्हणाल तर, चिडलेला माणूस ओरडत असतो तोवर काही अडत नाही. तो बोलता बोलता आवाज एकदम सपाट करतो, "ठीक आहे, राहू द्या" म्हणतो, तेव्हा मी सावध होते. तो माणूस परत फोन करत नाही. आमच्या नोंदीत ती तक्रार 'निकाली' दिसते.

* * *

सपाट आवाजाचं अगदी खरं. वर्गात शिकवते, तिथेही बडबड्या पोरांची काळजी नसते.

माझी भर: प्रश्न विचारल्यावर गप्प राहणं. ऐकायला सोपं वाटतं. मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतले आवाज टेप करून मोजलं, शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात. तीन सेकंद किंवा थोडं जास्त थांबलं तर उत्तरं लांबतात, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलतात. मी पाठ्यपुस्तकाच्या मागे बोटं मोजते. दुसऱ्या बोटाला वर्गात चुळबुळ सुरू होते, तिसऱ्याला मागच्या बाकावरचं कुणीतरी खाली बघून काहीतरी पुटपुटतं, आणि ते बहुधा ऐकण्यासारखं असतं. तोटा असा की घरी फोनवर बोलतानाही मी थांबते. बहीण म्हणते, "हॅलो? आहेस का?"

* * *

प्रूफरीडर. थोडक्यात सांगतो. सर्वात जास्त चुका सुटतात त्या सर्वात मोठ्या टायपात, कारण मथळा सगळेच बघतात आणि वाचत कुणीच नाही. ओळीच्या शेवटी एक शब्द आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला तोच, हे डोळा गिळून टाकतो. एक चूक सापडली की तिच्या शेजारची हमखास निसटते, सापडल्याचा आनंद आडवा येतो. हा धागा मी एकदा वाचायला वाचला आणि एकदा तपासायला. दुसऱ्या वेळी काय वाचलं ते आठवत नाही.

* * *

सुतारकाम. हाताला लागणारी गोष्ट विचारलीत म्हणून. मोजायच्या टेपच्या टोकाचा पत्र्याचा हुक हलतो ना, तो खिळखिळा झालेला नसतो. मुद्दामच सैल ठेवलेला असतो, आणि हलतो तो बरोबर स्वतःच्या जाडीएवढा. फळीच्या कडेला अडकवून ओढला की बाहेर सरकतो, खणाच्या आतल्या भिंतीला टेकवून दाबला की आत सरकतो. दोन्हीकडे हुकाच्या जाडीचा फरक भरून निघतो आणि माप बरोबर येतं. माझ्यासमोर एका घरमालकाने तो रिव्हेट ठोकून घट्ट केला, "दुरुस्त करून देतो" म्हणत. मी काही बोलायच्या आत.

* * *

सुतारभाऊ, आमच्या घरातला टेप आत्ताच बघून आले, खरंच हलतो! एक विचारायचं होतं. पाणपातळी, ती बुडबुड्याची हो, बरोबर आहे की नाही हे कसं ओळखायचं? आमचं एक कपाट तिने सरळ दाखवलं तरी दार आपोआप उघडतं.

* * *

ताई, पातळी कपाटावर ठेवून बुडबुडा कुठे येतो ते बघा. मग तीच त्याच जागी टोकं बदलून ठेवा, डावं टोक उजवीकडे. बुडबुडा दोन्ही वेळा त्याच बाजूला गेला तर कपाट वाकडं. बाजू बदलली तर पातळी खोटी बोलतेय. मधोमधच राहिला तर या दिशेने दोन्ही सरळ, मग समोरून मागे अशी आडवी ठेवून बघा. पुढे झुकलेल्या कपाटाचं दार आपोआप उघडतं. तसं निघालं तर पुढच्या दोन्ही पायांखाली पातळ पट्टी सरकवा. तरी उघडलं तर बिजागरीत दोष आहे, वरचे स्क्रू बघा.