आधी ओहोटीची वेळ, मग ठिकाणांची यादी
मुले आणि वडीलधारी मंडळी सोबत असताना समुद्रकिनारी एका दिवसात किती ठिकाणे पाहावीत, हे ठरवण्याआधी त्या दिवशीची ओहोटीची वेळ पाहावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. बहुतेक किनाऱ्यांवर भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आठवड्यापूर्वी ज्या वेळी ओहोटी होती, त्याच वेळी आज भरती असू शकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तर पाणी नेहमीपेक्षा वर चढते. खडकाळ किनाऱ्यावर पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचावे, म्हणजे कपारींतल्या डबक्यांत शंख पाठीवर घेऊन सरकणारे खेकडे मुलांना निवांत पाहता येतात आणि पाणी फिरताच परतताही येते. दुपारचे ऊन ज्येष्ठांना सोसत नाही. तो वेळ जेवणाला आणि प्रवासाला द्यावा. दोन ठिकाणे पुरेशी आहेत.