वर्ड उघडतं आणि लगेच मिटतं

नवी पेठेत माझं टायपिंगचं दुकान. सोलापूरची गड्ड्याची यात्रा तोंडावर, पावतीपुस्तकांची कामं अंगावर, आणि कालपासून वर्ड उघडलं की अर्ध्या मिनिटात गायब! कोऱ्या फाईललाही तेच. काढून परत टाकलं, फरक शून्य. काय करू बे?

उत्तर १: कोरी फाईलही पडते म्हणजे फाईलचा दोष नाही. कंट्रोल दाबून धरून वर्ड उघडा, सेफ मोड (जादा जोडण्यांशिवाय साधं वर्ड) विचारेल, हो म्हणा. तसं चाललं तर एखादं ॲड-इन (वर्डला जोडलेला जादा प्रोग्राम) किंवा नॉर्मल टेम्प्लेट (कोऱ्या फाईलचा साचा) बिघडलंय. वर्ड बंद करून त्या टेम्प्लेटचं नाव बदला, नवं आपोआप तयार होतं. ते युजर फोल्डरात असतं, म्हणून परत इन्स्टॉल करून जात नाही.

उत्तर २: डीफॉल्ट, म्हणजे आपोआप निवडला जाणारा, प्रिंटर कुठला आहे? पानाची मांडणी करताना वर्ड त्याच्या ड्रायव्हरला (प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रामला) विचारतं. तात्पुरतं 'प्रिंट टू पीडीएफ' डीफॉल्ट करून बघा.

मूळ प्रश्नकर्ता: सेफ मोडमध्येही पडलं. प्रिंटर बदलला आणि तासभर झाला, चालूच आहे! पोरानं परवा कुठूनतरी जुना प्रिंटर आणून जोडला होता, तो माळ्यावर टाकला. दोघंही हुरड्याला या, शेंगाचटणी माझ्याकडून.