'फ्रेश वॉटर'ला मराठीत काय म्हणावं? ताजं का गोडं?

तेरणाकाठ: शाळेच्या पोरांसाठी एक पत्रक मराठीत करायलोय. वाक्य असं, की पृथ्वीवरच्या पाण्यात 'फ्रेश वॉटर' जेमतेम २.५ टक्के, त्यातलं दोन तृतीयांशाहून जास्त बर्फात अडकलेलं. मोबाईलनं त्याचं 'ताजे पाणी' केलं. मी खोडून 'गोडं पाणी' लिहिलं तर आमचे सर म्हणतात, पोरं इचारतील साखर घातली का. काय ठेवू?

खारी_हीर: गोडंच ठेवा. गोड्या पाण्यातले मासे म्हणतो आपण, ताज्या पाण्यातले मासे कुणी म्हणलंय का? आमच्या गावात गोडी हीर आन् खारी हीर, दोन्हीत शंभर पावलं बी अंतर नाही. खारीचं धुण्याला, गोडीचं रांजणात. साखरेचा काय संबंध, खारं नाही ते गोडं.

शुद्धमती: 'गोडे पाणी' हे प्रमाण रूप. आणि कृपया कुणी 'जड पाणी' लिहू नका, ते अणुभट्टीत वापरतात. साबणाला फेस येत नाही त्या पाण्याला पाठ्यपुस्तकात 'दुष्फेन' असा सुंदर शब्द आहे.

माळरान: दुष्फेन कोण म्हणतंय ताई 😄 माय म्हणायची, ह्या पाण्यात डाळ शिजत नाही, झालं. पण खारं आन् हे तुमचं दुष्फेन एक नव्हं बरं का. दुष्फेनात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतंय, जिभेला कळत बी नाही. पावसाचं पाणी मुळात गोडंच, ऊन समुद्राचं पाणी उडवतंय आन् लिटरमागचं ३५ ग्रॅम मीठ तिथंच राहतंय, मग ते खडकात जितकं जास्त दिवस मुरलं तितके क्षार उचलतंय, म्हणून खोल बोअरचं मचूळ लागायची शक्यता जास्त. पिण्याच्या मानकात टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरमागं ५०० मिलिग्रॅम, दुसरी सोयच नसली तर २००० पर्यंत चालवून घ्या. म्हणजे गोडेपणा बी दुष्काळ बघून ठरतो.

बार्शीची_लेक: मचूळ माझ्या सासरी. माहेरी 'सवळ'. स-लवणचं सवळ झालं असेल का?

शुद्धमती: हे तुमचं तुम्हीच जुळवलंत. उद्या मचूळ मत्स्यावरून आला म्हणाल.

खारी_हीर: आला बी आसंल, वास तसाच येतो की.

नळाची_वाट: मला 'ताजं' चुकीचं वाटत नाही. आमच्या लातुरात ताजं म्हणजे आज नळाला आलेलं, बाकीचं शिळं. आठ दिवसांनी नळ आला की आजी हंडेच्या हंडे शिळं पाणी झाडाला ओतायची आन् आईशी भांडण. एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली रेल्वे आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर, तवा आजीनंच इचारलं, आगगाडीतून आलेलं ताजं धरायचं का शिळं? त्या उन्हाळ्यात मात्र एक तांब्या ओतला नाही तिनं.

माळरान: ताजं असो का गोडं, हाय कुठं? खाली सगळा काळा पाषाण, पाणी फक्त भेगांत आन् वरच्या मुरमात. पाऊस पडतो मोजके दिवस, आन् त्याच्यावर ऊस लावायचा.

खारी_हीर: उसावर येऊ नका, धागा शब्दाचा हाय.

माळरान: गोड शब्द गुळावरूनच आला म्हणतात, मग ऊस येणारच.

तेरणाकाठ: अहो, पत्रक उद्या छपाईला जायलंय. गोडं का गोडे, तेवढं तरी सांगा?

बार्शीची_लेक: ते होईल हो. 'रांजण' म्हणलात वर, तुमच्याकडं डेरा नाही म्हणत का?