पहिलीच्या मुलांना आरोग्याच्या सवयी: उत्तरे पाठ आहेत, कृती होत नाही

प्रश्न (पहिलीची वर्गशिक्षिका, परळ)

नमस्कार. माझ्या वर्गात चाळीस मुले आहेत आणि शाळा दुपारच्या सत्रात भरते. जेवणापूर्वी हात का धुवावेत, असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात बरोबर उत्तर देतो. मात्र मधल्या सुट्टीची घंटा झाली की तीच मुले नळाकडे न फिरकता थेट डबे उघडून बसतात. तक्ते लावले, गोष्टी सांगितल्या, १५ ऑक्टोबरचा जागतिक हात धुणे दिनही साजरा केला, पण त्याचा परिणाम टिकला नाही. नखे आणि दात यांबाबतही हीच अवस्था आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या या गोष्टी अंगवळणी पडाव्यात, यासाठी वर्गात नेमके काय करता येईल? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (महापालिका शाळेतील शिक्षिका, गोवंडी)

ताई, आपल्या मुलांना माहिती कमी पडलेली नाही, वेळ कमी पडतो आहे. तेव्हा आधी नळांचा हिशेब मांडून पाहा. साबण लावून किमान २० सेकंद हात चोळायचे, त्यात हात भिजवणे आणि खळखळून धुणे धरले, तर एका मुलाला पाऊण मिनिट लागते. समजा चार नळ असतील, तर एका नळावर दहा मुले, म्हणजे साडेसात मिनिटे, तीही ढकलाढकली झाली नाही तर. भुकेलेले मूल आपल्या छोट्याशा सुट्टीतून एवढा वेळ देणार नाही आणि तशी अपेक्षा धरणेही योग्य नाही. म्हणून हात धुणे सुट्टीतून काढून तासात घ्यावे. घंटेच्या दहा मिनिटे आधी एकेक रांग नळावर पाठवावी, तोवर बाकीच्यांनी चित्र रंगवावे, आणि नळावरच्या मुलांनी हात चोळताना एक ते वीस आकडे सावकाश, मोठ्याने म्हणावेत. मुख्याध्यापकांशी बोलून हे वेळापत्रकातच लिहून घेतले, तर रोज आठवण करून द्यावी लागत नाही. मुलेच आठवण करून देऊ लागतात.

साबणाची वडी ओट्यावर ठेवली की एक तर विरघळते, नाही तर खाली पडून मातीत जाते. फळांबरोबर येणाऱ्या जाळीत ती घालून नळाच्या पाइपाला बांधावी.

साबण कशासाठी, हे समजावण्याऐवजी दाखवावे. तळहातांना थोडे खोबरेल तेल लावून त्यावर चिमूटभर हळद चोळायला सांगावी. नुसत्या पाण्याने धुतले की बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडेला पिवळा थर तसाच राहतो. साबण लावला की तेल सुटते आणि हळदही बरीचशी निघून जाते. साबण लागताच हळद लालसर होते, तेव्हा हे मुलांना आधी सांगून ठेवावे, अन्यथा रक्त आले असे वाटून एखादे मूल घाबरते.

नखांबाबत कळकळीची विनंती आहे: सोमवारी सर्वांसमोर हात पुढे करायला लावून कोणाला उभे करू नये. आमच्या वस्तीत पाणी ठरावीक वेळेलाच येते आणि ते भरायला काही मुलेच जातात. अस्वच्छतेचा दोष मुलाच्या माथी मारला, तर ते हात मागे लपवायला शिकते. मी नेलकटर माझ्याजवळ ठेवते आणि वाचून घ्यायला मूल जवळ आले की गुपचूप नखे कापून देते.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

मनःपूर्वक आभार. आमच्या मजल्यावर तीनच नळ आहेत, म्हणजे हिशेब दहा मिनिटांच्याही वर जातो. आता उद्याच मुख्याध्यापिकांशी बोलते. दातांबाबत कोणी सांगू शकेल का?

उत्तर (दंतवैद्य, दादर)

आपला वर्ग यासाठी अगदी योग्य वयाचा आहे. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नसल्यामुळे घरचे तिला दुधाची दाढ समजतात आणि किडली तरी ‘पडेलच’ म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात ती जन्मभराची असते. ही एकच गोष्ट आपण पालकसभेत सांगितलीत तरी मोठे काम होईल. रात्री झोपण्यापूर्वी ब्रश करणे सर्वांत महत्त्वाचे आहे. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरते, आणि सात-आठ वर्षांपर्यंत पालकांनी स्वतः एकदा ब्रश फिरवावा, कारण मुलांचा हात मागच्या दाढांपर्यंत नीट पोहोचत नाही. वर्गात डबा संपल्यावर दोन चुळा भरण्याची शिस्त लावता येईल. डब्यात क्रीमची बिस्किटे शक्यतो नसावीत, कारण ती दाढांच्या खाचांत चिकटून राहतात. केळे किंवा थालीपीठ केव्हाही बरे.

उत्तर (पालक, कुर्ला)

पावसाळ्यासाठी एक भर घालतो. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. त्यामुळे दर शुक्रवारी मुलांनी वर्गातील मनीप्लांटची बाटली, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि खिडकीवरचे डबे शोधून दाखवावेत, आणि ते शिपाईमामांनी रिकामे करून आतून घासावेत, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. माझ्या मुलीच्या वर्गात हे सुरू झाल्यापासून ती घरी फ्रिजमागचा ट्रेसुद्धा तपासायला लावते.